लिफ्टमधला बदाम

घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीला २२ मजले आहेत. लिफ्टमध्ये सतराव्या मजल्यावरचे काका भेटले की मी टाकी धुण्याची नोटीस वाचायला घेतो. पाठ झालीय, तरी वाचतो. काका विचारतात, “काय, आज लवकर?” मी “हो” म्हणतो आणि पुढचं वाक्य शोधत राहतो. ते सापडतं घरी, चपला काढताना.

आजी मला मुखदुर्बळ म्हणायची. आई, डोकं चालावं म्हणून, रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून खायला लावायची. पुढे कळलं, खोड बदामातच आहे! मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. अमिग्डला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. काही नवखं दिसलं की हा दचकतो. २००३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी २२ तरुणांना स्कॅनरमध्ये झोपवून अनोळखी चेहरे दाखवले. त्यांतले जे दोन वर्षांचे असताना बुजरे म्हणून नोंदले गेले होते, त्यांचा बदाम इतक्या वर्षांनीही इतरांपेक्षा जास्त दचकला. आईचे बदाम वायाच गेले म्हणायचे.

अमेरिकेतल्या एका बाईंचे हे दोन्ही बदाम दुर्मिळ आजाराने निकामी झाले. अनोळखी माणूस किती जवळ आलेला चालतो, हे मोजलं तेव्हा बाकीचे सरासरी ७६ सेंटिमीटरवर थांबले, बाई ३४ वर. मला आधी हेवा वाटला. पण भरवसा कुणावर ठेवू नये, हेही त्यांना नीट उमगत नाही.

आणि ३४ सेंटिमीटरचं काय सांगता? ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून बघा. कुणाचं कोपर माझ्या बरगडीत, कुणाची सॅक माझ्या हनुवटीखाली, आणि माझा बदाम मात्र मुलुंड यायच्या आत गाढ झोपलेला. तिथे कुणी माझ्याकडून वाक्याची अपेक्षा करत नाही. शास्त्र काय म्हणेल ते म्हणो, माझी भीड अंतराची नाही, पुढच्या वाक्याची आहे.

काल लिफ्टमध्ये शिरलो तर नोटीस काढलेली. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरलेले. बघायचं कुठे? काकाही त्या तुकड्यांकडेच बघत होते.

“टाकी धुतली वाटतं,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.