आत्याचा चष्मा आणि जवळचा डोळा

आज आत्याच्या पंचाहत्तरीच्या पत्रिकेसाठी तिचे फोटो काढले. नऊवारी, नथ आणि वर "लवकर आटप रे, कुकर लावलाय" अशी तंबी.

८५ एमएमची लेन्स, एफ १.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच मोठं उघडलेलं), दीड मीटरचं अंतर: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात शार्प, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा मिळतो जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचा. मान जरा तिरकी झाली की एक डोळा त्यात, दुसरा बाहेर. अशा वेळी कॅमेऱ्याकडचा डोळा धरायचा. लांबचा थोडा मऊ पडला तरी चालतं; उलटं झालं तर फोटो बाद. आय एएफ, म्हणजे डोळा ओळखून आपोआप फोकस करणारी कॅमेऱ्यातली सोय, आहे झकास, पण आत्याच्या जाड चष्म्यापुढे तेही गोंधळतं आणि चष्म्याच्या फ्रेमवरच जाऊन बसतं. मग एकच छोटा फोकस पॉइंट थेट बुबुळावर, पट्टा रुंद व्हावा म्हणून छिद्र लहान करून एफ ४, शटर १/२०० सेकंद. मधल्या पॉइंटने फोकस करून मग कॅमेरा वळवायचा, हे इतक्या जवळून नकोच. तेवढ्यात फोकस कानाकडे सरकतो.

खिडकीशी बसवल्यावर बुबुळात उजेडाचा ठिपका आला. झूम करून दाखवलं, पापणीचा केस न् केस दिसत होता. आत्या म्हणाली, "ते राहू दे, सुरकुत्या काढ आधी!"

काढणार नाहीये. तिला अजून सांगितलेलं नाही.