पाणी चालेल, अत्तर नको

सकाळी सव्वाआठला फोन वाजला तेव्हा मी कुकर लावत होते. पलीकडे नवरीची आई. "अहो, पत्रिकांचा रंग फुटलाय. पाण्याचा थेंबही लागलेला नाही हो, पण रात्रीत काहीतरी झालंय. येता का लगेच?"

रंग फुटला, हे साडीच्या बाबतीत ठीक आहे. माझ्या पत्रिकेच्या बाबतीत मी पहिल्यांदाच ऐकत होते. गॅस बंद केला, बाटल्यांचा डबा पिशवीत टाकला आणि सदाशिव पेठेतून रिक्षाने कोथरूड गाठलं.

हाताने पत्रिका, शुभेच्छापत्रं, पाकिटं बनवायला लागून मला अकरा वर्षं झाली. ही ऑर्डर १२० पत्रिकांची होती. मुखपृष्ठावर मोरपंखी आणि जांभळ्या रंगाचं पाकळ्या-पाकळ्यांचं फूल, कडेला सोनेरी रेघ, खाली नावं. घडी हातकागदाची. पुण्यात १९४० सालापासून हातकागद संस्था आहे, त्यामुळे कापडाच्या चिंध्यांपासून केलेला, कडा तंतूतंतू झालेला कागद हाताळतच आम्ही या धंद्यात वाढलो. पण मी फुलांसाठी वापरते त्या शाईला तो कागद चालत नाही. अल्कोहोल इंक म्हणजे स्पिरिटात विरघळवलेला रंग. हातकागदावर थेंब टाकला की टीपकागदासारखा तो आत ओढला जातो, मागच्या बाजूला डाग उमटतो आणि वर एक मठ्ठ ठिपका उरतो. तिला पृष्ठभाग असा लागतो जो काहीच पिणार नाही: काच, टाइल, पत्रा, किंवा युपो. युपो हा जपानी कंपनीचा कागद, म्हणजे नावालाच कागद, खरा पॉलिप्रॉपिलीनचा पांढराशुभ्र ताव. त्यावर थेंब पडला की तो पसरतो, स्पिरिट उडत जातं आणि उडता उडता रंगाला कडेला ढकलत नेतं. म्हणून पाकळीची कड गडद येते आणि पोट फिकं. ती गडद रेघ कुणी ब्रशने काढायला गेलं तर आयुष्य जाईल. मी युपोचे चार इंचांचे चौकोन कापून त्यावर फुलं केली होती आणि डबल टेपने हातकागदावर चिकटवली होती.

ऑर्डर द्यायला नवरीची आई, म्हणजे काकू, आल्या तेव्हा मी बोट पाण्यात बुडवून नमुन्यावर फिरवलं होतं. "बघा, पाण्याने काही होत नाही." पाण्याने खरंच काही होत नाही. मात्र हा रंग सुकला तरी पक्का होत नाही. स्पिरिट उडून गेलं की तो नुसता बसून राहतो, आणि पुन्हा स्पिरिट मिळालं की उठतो. त्याला कायमचा बसवायचा तर वरून वार्निशचे दोन-तीन पातळ फवारे मारावे लागतात. ते मी मारले नव्हते. वार्निशने युपोची ती काचेसारखी झळाळी जाते, आणि पत्रिका काय, पाकिटातून निघणार, वाचली जाणार, कपाटात जाणार, असा माझा हिशेब. हे त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही चूक माझी.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये जुन्या चादरीवर चार रांगांत ४४ पत्रिका मांडलेल्या. नवरीची आत्या सोफ्याच्या कडेला बसलेल्या, डोळे लाल. मी खाली बसून पहिली पत्रिका उचलली. फुलावर पांढरट गोल ठिपके, मोहरीएवढे, काही मसुरीएवढे, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गडद वर्तुळ. जणू कुणी फुलाला बारीक बारीक डोळे काढले होते. वरच्या कोपऱ्यात हळद-कुंकवाची बोटं लावली होती. हळदीभोवती पिवळं वलय, कुंकवाभोवती गुलाबी. पत्रिका नाकाशी नेली आणि सगळं कळलं. मोगऱ्याचा सेंट.

त्या ४४ पत्रिका सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर या वाटेवरच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नवरीचे वडील गाडी काढणार, अंबाबाईपुढे पहिली पत्रिका ठेवणार आणि मग पाहुण्यांकडे वाटत परत येणार. म्हणून मी गेले त्याच्या आदल्या रात्रीच हळद-कुंकू लावून झालं. सगळे झोपायला गेल्यावर आत्यांच्या मनात आलं, शुभकार्याची पत्रिका, सुगंध हवा. "अत्तराचा फाया लावणार होते हो," त्या म्हणाल्या, "पण तेलाचे डाग पडतील कागदावर, म्हणून म्हटलं सेंटच मारू. वरून-वरून मारला आणि दिवा मालवून झोपले."

त्यांनी काळजीच घेतली होती. अत्तर लावलं असतं तर हातकागदावर तेलकट डाग पडलाच असता, पण फूल शाबूत राहिलं असतं. जुन्या पद्धतीच्या अत्तरात चंदनाचं तेल असतं. स्प्रेच्या सेंटमध्ये मात्र बहुतेक भाग अल्कोहोलच. एवढे थेंब, एकेक माझ्या ड्रॉपरमधून पडल्यासारखे. हळदीचंही तेच. तिचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळतो. आपण ओल्या बोटाने हळद लावतो ती नुसती पूड चिकटते. सेंट लागल्याबरोबर ती खरी शाई झाली.

मी हे मोठ्याने बोलत होते तेव्हा आत्या माझ्याकडे पाहत होत्या. "म्हणजे मीच केलं." मी म्हटलं, "नाही आत्या, मी सांगायला हवं होतं. आणि हे परत करता येतं." हे धीर द्यायला म्हटलं नव्हतं. ज्या गुणामुळे रंग बिघडला त्याच गुणामुळे तो पुन्हा हलवता येणार होता.

डब्याचं झाकण उघडणार तोच समोर देवघरात निरांजन दिसलं, शेजारी उदबत्ती. माझा हात तिथेच थांबला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला आम्ही सगळे आयपीए म्हणतो, त्याची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतसुद्धा. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. काकूंना म्हटलं, निरांजन शांत होऊ द्या, उदबत्ती बाहेर न्या, मग मी काम काढते. कुणाच्या घरी सणासुदीचं असं सांगायला जड जातं. पण हे मी प्रत्येक वेळी सांगते. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलींनाही पहिल्या दिवशी रंग नाही, हेच शिकवते. खिडक्या उघड्या, ज्योत नाही, आणि साध्या मास्कने वाफ अडत नाही.

पत्रिका आम्ही गॅलरीत नेल्या. चौकोन उपटून नवे लावावेत असं नवरीने सुचवलं, पण डबल टेप ओढली की हातकागदाचे पापुद्रे निघतात. जागच्या जागीच दुरुस्ती करायची होती. प्लास्टिकच्या जुन्या फोल्डरला बरोबर चार इंचांची खिडकी कापली आणि ती पत्रिकेवर ठेवली, म्हणजे कागद झाकलेला आणि फूल उघडं. मग धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा आयपीएत भिजवून पृष्ठभाग पुसायचा. सेंट उडून गेला तरी त्यातलं सुगंधी तेल मागे राहतं आणि त्या जागी नवा रंग बसत नाही, फाटतो. पुसल्यावर मोरपंखी बहुतेक निघून येतो. जांभळा मात्र जाता जाता सावली ठेवतो. ती सावली मी ठेवून घेतली, नव्या पाकळीखाली ती खोलीसारखी दिसते.

पहिल्या पाच पत्रिकांना तास गेला. पंखा बंद, नाहीतर वारा आपल्या मर्जीने पाकळ्या काढतो. मोरपंखीचा एक थेंब, शेजारी आयपीएचे दोन, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवायचा रबरी ब्लोअर हलकेच दाबायचा. थेंब बाहेरच्या दिशेने पळतो, पातळ होतो, कड आवळली जाते. त्या क्षणी हात काढायचा. अर्धा सेकंद उशीर झाला की पाकळीचं डबकं होतं. सोनेरी रंगात धातूची पूड असते, ती तळाशी बसते; बाटली हलवली की आतला मणी खडखडतो, तो खडखडाट थांबायच्या आत थेंब सोडायचा. नोव्हेंबरची कोरडी हवा होती, रंग मनासारखा सुकत होता. हेच जुलैत असतं तर हवेतला ओलावा थंड झालेल्या रंगावर बसून पांढरी साय धरली असती.

अकराच्या सुमाराला आयपीए संपलं. काकूंनी शेजारच्या मेडिकलमधून स्पिरिट आणू का विचारलं. मी नको म्हटलं. ७० टक्क्यांच्या स्पिरिटात बाकीचं पाणी असतं, ते मागे राहतं, रंग चरचरीत होतो. नवरीच्या भावाला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळापाशी पिटाळलं. तिथे मोबाइल आणि सर्किट दुरुस्त करणाऱ्यांसाठी ९९ टक्क्यांचं आयपीए मिळतं. पाऊण तासात तो दोन बाटल्या घेऊन आला. २०२० मध्ये सॅनिटायझरच्या मागणीमुळे हेच आयपीए मिळेनासं झालं होतं. तेव्हा हात सॅनिटायझरने ओले असताना मी स्वतः एका शुभेच्छापत्रावर अंगठ्याचा ठसा उमटवला होता. ते आठवत असूनही मी या पत्रिका तशाच पाठवल्या, याचं मला त्या गॅलरीत बसून वाईट वाटत राहिलं.

हळदीचं वलय पुसताना फडक्यावर जो पिवळा आला तो पाहून नवरी थांबली. विकतच्या शाईतला पिवळा थोडा हिरवट असतो. हा मावळतीच्या उन्हासारखा होता. "हे हळदीचंच ना? मग राहू दे की ताई." तिच्या म्हणण्यावर मी जरा विचार केला, आणि स्वयंपाकघरातून चमचाभर हळद मागवली. काचेच्या वाटीत हळद, वर आयपीए, पंधरा मिनिटं तसंच. गाळ खाली बसला, वर स्वच्छ केशरी-पिवळं पाणी. ड्रॉपरने फक्त वरचं घेतलं आणि फुलाच्या मधोमध एक थेंब सोडला. मोरपंखीला भिडला तिथे पोपटी झाला. जांभळ्याला भिडला तिथे मात्र मळकट, म्हणून पुढच्या पत्रिकांत जांभळा मधल्या भागापासून लांब ठेवला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, खिडकीशी पत्रिका ठेवलीत तर महिनाभरातच फिका पडेल, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. आता काहीही न सांगता ठेवायचं नव्हतं. नवरी म्हणाली, पाकिटात राहील तेवढं पुरे.

दुपारी जेवायला पंधरा मिनिटं उठलो. आत्या पहिल्यांदाच गॅलरीत आल्या, हात साबणाने धुऊन, पदराला पुसून. एक झालेली पत्रिका त्यांनी कोपऱ्याला धरून उचलली. अंगठा हळदीच्या बोटावर पडला आणि खाली ठेवली तर तिथे लालसर ठसा. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "अगं बाई, आता हे काय?"

हळदीवर साबण पडला की ती लाल होते, कपड्यावरचा वरणाचा डाग धुताना होतो तसा. चुन्यानेही होते. पूर्वी कुंकू हळदीपासूनच तर करत. मी हे सांगितलं तशी आत्यांनी ती पत्रिका जवळ घेतली, चष्म्याच्या वरून पाहिली, आणि म्हणाल्या, "माझी आजी करायची घरी. हळदकुंड, लिंबू, आणि सवागी, म्हणजे टाकणखार. परातीत वाळत घालायची." मग त्या उठल्या नाहीत. प्लास्टिकची खिडकी धरायचं काम त्यांनी घेतलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

रात्री पावणेअकराला शेवटची पत्रिका सुकली. ४४ पैकी ३५ मी नव्याने केल्या. दोन गेल्याच, पुसताना हातकागद भिजून फुगला. बाकीच्या सातांना मी हातच लावला नाही. त्यांच्यावरचे ठिपके इतके सुरेख पडले होते, मोराच्या पिसावरच्या डोळ्यांसारखे, की तसे मला मुद्दाम जमले नसते. अंबाबाईची पत्रिका कोणती, हे काकूंनी ठरवलं: आत्यांच्या अंगठ्याची.

निघताना मी पिशवीतून कार्डाचा एक तुकडा काढला आणि म्हटलं, इथून पुढे प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालणार आहे, काय लिहू? मी दोन-तीन लांब वाक्यं जुळवत होते. आत्यांनी पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"पाणी चालेल. अत्तर, सेंट, सॅनिटायझर नको. उन्हात ठेवू नये."

मग खाली, जरा थांबून, "हळद चालेल."

तीच चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात, मी छापून घेतली आहे.