वॉचमनचा पगार कुठल्या रकान्यात?

उपनगरात आमच्या संस्थेचं महिला निवारागृह आहे. पत्ता लिहीत नाही, तो कुणालाच देत नाही. मी तिथले हिशोब बघते, आणि दर मार्चमध्ये वाद होतो तो एकाच ओळीवरून: वॉचमनचा पगार.

यंदा एका देणगीदार कंपनीच्या माणसाने विचारलं, "मॅडम, हा ओव्हरहेडच ना, म्हणजे प्रशासकीय खर्च? थोडा कमी करता येईल?" मी त्यांना पावसाळ्यातली एक रात्र सांगितली. एका बाईचा नवरा माग काढत आला आणि गेटवर लाथा घालू लागला. आमच्या वॉचमन काकांनी आतून कडी घातली, आवाज न चढवता त्याला बोलण्यात गुंतवलं. निवारागृहातल्या मावशींनी तोवर ११२ ला फोन लावला. पोलीस येईपर्यंत ती बाई मुलांना घेऊन वरच्या खोलीत दिवा मालवून बसली होती. समुपदेशन, शिवणवर्ग, कोर्टाच्या तारखा, सगळं त्या कडीच्या भरवशावर चालतं.

परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचा, शाळेतल्या शिक्षकांचा पगार यातून वगळलाय, कारण तेच संस्थेचं मूळ काम. वॉचमनचं नाव तिथे नाही. माझं म्हणणं एवढंच, की निवारागृहात तोही त्याच रांगेत बसायला हवा.

अमेरिकेत २००५ पासून खास संस्थांच्या सुरक्षेसाठी सरकारी अनुदान आहे. कॅमेरे, मजबूत दारं, दिवे, कुंपण, प्रशिक्षण, कंत्राटी सुरक्षारक्षक, सगळं त्यात बसतं. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ माणसं मारली गेली, त्यानंतर तरतूद वाढत गेली. २०२४ मध्ये ती सुमारे ४५ कोटी डॉलर होती. योजना अतिरेकी हल्ल्यांचा धोका असलेल्या संस्थांसाठी आहे, आमच्यासारखं घर त्यात बसणार नाही. शिवाय आधी खर्च करायचा, मग पैसे मिळतात. हातावर पोट असलेल्या संस्थेला ते कसं जमावं? पण एक गोष्ट मला फार पटली. अर्जासोबत जागेची पाहणी जोडावी लागते: धोका कुठे आहे, काय लावलं तर कमी होईल. कॅमेरा आधी आणि विचार मागून, असं होत नाही.

२००८ च्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाऊसवर काय झालं ते मुंबईने पाहिलंय. तिथेही एक धर्मादाय केंद्रच चालायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना राहायला-जेवायला मिळायचं. दार उघडं ठेवणं हेच ज्यांचं काम, त्यांच्या दाराची काळजी कुणी घ्यायची?

महिला व बालविकास विभागाला आम्ही निवेदन देतोय. अनुदानात सुरक्षेची वेगळी ओळ असावी, पोलीस ठाण्याने आधी जागा पाहावी, निम्मी रक्कम आगाऊ मिळावी. आमच्यापुरतं बोलायचं तर गेटवर कॅमेरा, मागच्या भिंतीवर जाळी आणि रात्रपाळीला काकांच्या जोडीला आणखी एक माणूस. निवारागृह चालवणाऱ्या ज्या संस्थांना सही करायची असेल त्यांनी कळवावं, मसुदा पाठवते.