आमची वाटचाल : चाळीस रोलची गोष्ट

1978 साली सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत मी आणि मामाने फोटो धुण्या-छापण्याची डार्करूम सुरू केली. मामा छापखान्यात, छपाईसाठी फोटो काढणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्यावर होता, नुसतं काळं-पांढरं उमटवणाऱ्या लिथ फिल्मवर त्याचा हात बसलेला. एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करून छापायचं यंत्र, मुंबईच्या बोरा बाजारातून जुना आणला, पण लेन्स नवी घेतली. पैसे वाचवायचे तर ट्रेमध्ये वाचव, लेन्समध्ये नाही, असं मामाचं म्हणणं. नवीन मुलांना मीही तेच सांगतो. तेव्हा फोटो छापायला उटीच्या कारखान्याचा इंदू पेपर मिळायचा. पासपोर्ट, लग्नं, शाळांचे ग्रुप यांवर दुकान उभं राहिलं. पुढे रंगीत आलं, मिनी लॅब आल्या, लग्नाची कामं गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती 2004 ची.

आमच्याकडे इतिहासाचे एक सर यायचे. भारत इतिहास संशोधक मंडळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मोडी वाचणाऱ्यांची दुकानात ये-जा होतीच. सर गावोगावच्या घराण्यांची दप्तरं पाहत आणि कागदांचे फोटो काढून आणत. ओल लागून कागद तांबूस झालेले, अक्षर फिकट. साध्या फिल्मवर डागही करडा आणि शाईही करडी, मग वाचणार काय? त्याला औषध एकच होतं, कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म. एएसए, म्हणजे फिल्मला उजेड किती चटकन लागतो तो आकडा, फक्त 25, दाणा जवळजवळ नाहीच, आणि लाल रंग तिला इतर फिल्मपेक्षा जास्त दिसायचा. लाल फिल्टर लावला की तांबूस डाग कागदात मिसळून जायचे आणि काजळाची शाई तेवढी काळी उरायची. काळ्या-पांढऱ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, हवा तसा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) बदलून मिळवायचा, आणि त्यात मामाचा हात धरणारा पुण्यात कोणी नव्हता.

एकदा एका पत्राच्या शेवटचा शिक्का मोठा करायचा होता. नुसत्या डोळ्यांना तो डागासारखा दिसत होता. सर डार्करूममध्ये सेफलाइटच्या मंद उजेडात माझ्या शेजारी उभे होते. फोटोचा पेपर डेव्हलपरमध्ये टाकला, ट्रे हलवत राहिलो, आणि अक्षरं एकेक करून वर आली. सरांनी मोठ्याने वाचलं, "लेखनसीमा". त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दिलेला पेढा मी अजून विसरलो नाही.

2004 मध्ये ती फिल्म बंद झाल्याची बातमी आली. सरांचं एक दप्तर निम्मं राहिलं होतं. मी मुंबईच्या एका वितरकाकडे चाळीस रोलची आगाऊ रक्कम भरली, त्यातली निम्मी सरांची, पेन्शनमधली. "तुमचे बाजूला ठेवलेत," असं तो दर आठवड्याला फोनवर सांगायचा. तीन महिन्यांनी पैसे परत आले. माल जास्त भावाने दुसरीकडे गेला होता. सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढचं वर्ष आणखी वाईट गेलं. फिल्म आणि पेपर बनवणारी इंग्लंडची इल्फर्ड कंपनी 2004 मध्येच अडचणीत आली होती. 2005 मध्ये फिल्म बनवणाऱ्या ॲग्फाफोटोचं दिवाळं वाजलं आणि कोडॅकने कृष्णधवल पेपर बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोटो छापायच्या फायबर पेपरसाठी मी दारोदार फिरलो. सहा महिने दुकानाचं भाडं थकलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मामा म्हणाला, "डार्करूम मोडू नकोस, मी गेल्यावर काय करायचं ते कर." इंग्लंडमध्ये इल्फर्डच्याच व्यवस्थापकांनी कंपनी विकत घेऊन चालू ठेवली, म्हणून आज माझ्या ट्रेमध्ये पेपर आहे. त्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत.

कंपन्यांचं गणित मला कळतं. फिल्मवर रसायनाचा थर देणारं कोटिंग मशीन एकदा चालवलं की थोडाथोडका माल निघत नाही, आणि फिल्मला एक्स्पायरी असते. पण ज्याला तुम्ही कमी खपाचा माल म्हणता, त्यावर कुणाचं तरी आयुष्याचं काम अडलेलं असतं. निदान वर्षभर आधी सांगा, शेवटची ऑर्डर घ्या, ज्याने आधी पैसे भरले त्याला आधी द्या.

सरांचं दप्तर आम्ही शेवटी इल्फर्डच्या पॅन एफ फिल्मवर पुरं केलं. एएसए 50, 25 नंबरचा लाल फिल्टर, आणि डेव्हलपर फिल्मचा नाही, पेपरचा. वर्षभर चाचण्या घेऊन ते प्रमाण बसवलं. वही आजही एन्लार्जरखालच्या खणात आहे, मागेल त्याला दाखवतो. ऑर्थो फिल्म स्वस्त मिळते म्हणून जुन्या कागदांसाठी घेऊ नका, तिला लाल रंग दिसत नाही, ती तांबूस डाग काळे करते. आवडत्या फिल्मचा साठा फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय डबी उघडू नका. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, संपेपर्यंत ताणू नका. धुण्याचं पाणी वाहतं हवं.

मामा 2011 मध्ये गेला. आता भाची काम शिकते आहे, तिचा हात हलका आहे. दर मंगळवारी फिल्म धुतो. रोल सोमवारी संध्याकाळपर्यंत द्या, आणि डबीवर फिल्मचं नाव आणि किती एएसएला काढलं ते पेनने लिहून द्या.