तुम्ही विचारलंत म्हणून : लाइव्हचं बटण सगळ्यात शेवटी

"लाइव्ह जायचंय. कुठलं सॉफ्टवेअर टाकू आणि सेटिंग काय ठेवू?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणारे नाना तऱ्हेचे. कुणाला गाण्याचा क्लास घ्यायचाय, कुणाला गणित शिकवायचंय, कुणाला गेम खेळून दाखवायचाय, आणि कुणाच्या गळ्यात संस्थेचा कार्यक्रम दाखवायची जबाबदारी पडलेली. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी: कार्यक्रम परवावर आलेला असतो.

थोडक्यात उत्तर असं: ओबीएस स्टुडिओ टाका, आणि पहिले काही दिवस 'स्टार्ट स्ट्रीमिंग'ला हातसुद्धा लावू नका. त्याच्या शेजारीच 'स्टार्ट रेकॉर्डिंग' आहे, ते दाबत राहा. आता सविस्तर.

ओबीएसच का? फुकट आहे, ओपन सोर्स आहे, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का उमटवत नाही, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ह्यू बेली या प्रोग्रामरने २०१२ मध्ये ते लिहायला घेतलं. आज स्ट्रीमलॅब्ज डेस्कटॉपसारखं सॉफ्टवेअरही त्याच्याच पायावर उभं आहे. एक्स्प्लिट, व्हीमिक्स हेही आहेत आणि वाईट नाहीत. पण ओबीएसमध्ये अडलात तर तीच अडचण आधी हजार जणांना आलेली असते आणि तिचं उत्तर कुठे ना कुठे सापडतं. नवख्या माणसाला याहून मोठी सोय नाही. (नुसत्या चार पाहुण्यांशी गप्पा मारायच्या असतील तर स्ट्रीमयार्डसारखी ब्राउझरमध्ये चालणारी सेवा घ्या आणि हा लेख इथेच सोडून द्या.) डाउनलोड मात्र ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. नाव शोधलं की वर जाहिरातींत नकली साइटही येऊ शकतात.

लाइव्ह शेवटी म्हटलं तरी एक काम आजच उरका. यूट्यूबवर जाणार असाल तर चॅनेलचा फोन नंबर पडताळून लाइव्हची परवानगी चालू करून ठेवा. पहिल्यांदा ती मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी हे कळलं तर कुणीच काही करू शकत नाही.

आता रेकॉर्डिंगचा आग्रह कशासाठी ते सांगतो. ओबीएस काय करतं? कॅमेरा, माइक, स्क्रीन, चित्रं हे सगळं एकत्र करून त्याचा एक व्हिडिओ बनवतं. तो व्हिडिओ हार्ड डिस्कवर टाकायचा की नेटवरून यूट्यूबला पाठवायचा, एवढाच शेवटी प्रश्न उरतो. म्हणजे शिकण्यासारखं जे काही आहे ते जवळजवळ सगळं रेकॉर्डिंगमध्येच शिकून होतं, तेही कुणी बघत नसताना. त्यातही एक युक्ती आहे. 'सेटिंग्ज'मध्ये 'आउटपुट'वर जा, मोड 'सिंपल' ठेवा आणि 'रेकॉर्डिंग क्वालिटी'त 'सेम ॲज स्ट्रीम' निवडा. मग जो एन्कोडर (व्हिडिओ आवळून लहान करणारा भाग) आणि जो बिटरेट (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) लाइव्हला वापरला जाणार, त्याच मापात फाइल तयार होते. प्रेक्षकांना चित्र कसं दिसेल याचा अंदाज आधीच येतो. फॉरमॅट एमकेव्ही असू द्या. मध्येच वीज गेली किंवा ओबीएस बंद पडलं तरी तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. साध्या एमपी४ची अख्खी फाइल हातची जाऊ शकते. नंतर एमपी४ हवीच असेल तर 'फाइल' मेन्यूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' चुटकीसरशी करून देतं.

ओबीएस पहिल्यांदा उघडल्यावर सेटिंग सुचवणारा जो विझार्ड येतो तो घाईने भरू नका. रद्द केला तरी 'टूल्स' मेन्यूत पुन्हा मिळतो.

सीन आणि सोर्स या दोन शब्दांपाशी बरेच जण अडखळतात. सीन म्हणजे नाटकातला एक प्रवेश आणि सोर्स म्हणजे त्या प्रवेशात मंचावर मांडलेल्या वस्तू. यादीत जो सोर्स वर, तो चित्रात पुढे. "कॅमेरा लावलाय पण दिसत नाही" म्हणणाऱ्या दहांपैकी निम्म्यांचा कॅमेरा स्क्रीनच्या मागे लपलेला असतो. यादीत वर ओढला की झालं. सुरुवातीला तीनच सीन करा: 'थोड्याच वेळात सुरू करतोय' असं लिहिलेलं चित्र, नुसता चेहरा, आणि कोपऱ्यात चेहरा ठेवून स्क्रीन. हलणारी अक्षरं आणि चमकणाऱ्या चौकटींचा मोह नंतर पुरवा.

स्क्रीन दाखवताना 'डिस्प्ले कॅप्चर'ऐवजी 'विंडो कॅप्चर' बरं. डिस्प्लेमध्ये सगळाच पडदा जातो, अगदी कोपऱ्यात उगवणारे खासगी मेसेजसुद्धा. काळा चौकोन दिसत असेल तर विंडोज लॅपटॉपवर बहुधा दोन ग्राफिक्स चिपांचा घोळ असतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएससाठी डिस्प्ले कॅप्चरला 'पॉवर सेव्हिंग' आणि गेमला 'हाय परफॉर्मन्स' निवडून बघा. मॅकवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि मग ओबीएस बंद करून पुन्हा उघडायचं.

आता आवाज. इथे जरा थांबणार आहे, कारण सगळे कॅमेऱ्याबद्दल विचारतात आणि फसतात आवाजात. चित्र पुसट असेल तर लोक चालवून घेतात. आवाज फाटला की तिसऱ्या वाक्याला निघून जातात. खर्च करायचाच असेल तर आधी माइकवर करा, कॅमेऱ्याचं मागाहून बघू.

पहिली खात्री करायची ती आपण कुठल्या माइकमध्ये बोलतोय याची. 'सेटिंग्ज'मधल्या 'ऑडिओ'त माइकच्या जागी 'डिफॉल्ट' असतं. हेडफोन लावला किंवा काढला की हा डिफॉल्ट गुपचूप बदलतो. म्हणून माइक नावानिशी निवडा. तरीही शंका असेल तर नखाने माइकची जाळी हलकेच खरवडा आणि ओबीएसमधल्या पट्टीकडे बघा. पट्टी उसळली तर तोच माइक. ती ढिम्म असेल आणि लॅपटॉपच्या कडेला खरवडल्यावर उसळत असेल, तर तुम्ही चांगल्या माइकसमोर बसून लॅपटॉपच्या माइकमध्ये बोलताय.

त्या पट्टीचे रंग उगाच नाहीत. उणे २० डेसिबलच्या खाली हिरवा, उणे २० ते उणे ९ पिवळा, त्याच्या वर लाल. नेहमीच्या आवाजात बोलताना पट्टी पिवळ्यात खेळली पाहिजे. हसताना, ओरडताना लालला शिवून आली तर हरकत नाही. शून्याला जाऊन आदळली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. आवाज एकाच कानात येत असेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये त्या माइकसमोरच्या 'मोनो'वर टिक करा.

पंख्याची घरघर जावी म्हणून 'नॉइज सप्रेशन' हा फिल्टर लावायला सगळे सांगतात. बोलणाऱ्यांसाठी तो उत्तम आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. सलग चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्याचा हिशेब. तंबोऱ्याचा सूर त्याच्या लेखी पंखाच. गाणाऱ्यांनी पंखा बंद करावा. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर त्यावर माझी आवडती तपासणी आहे. रेकॉर्डिंग सुरू करा, कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा, बंद करा. ती फाइल एखाद्या व्हिडिओ एडिटरमध्ये उघडा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत जा. कॅमेऱ्याचं चित्र संगणकात पोचायला बहुधा आवाजापेक्षा जास्त वेळ घेतं, त्यामुळे टाळीचा आवाज आधी येतो आणि तळहात नंतर भिडतात. मधे किती फ्रेम गेल्या त्या मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे तीन फ्रेमचा फरक १०० मिलिसेकंदांचा. तेवढा आकडा 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये माइकच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये टाका आणि पुन्हा टाळी वाजवा. ब्लूटूथचा माइक मात्र या कामाला शक्यतो नकोच. त्याची दिरंगाई वेगळी, आणि माइक चालू झाला की त्याच्या आवाजाचा दर्जाही खाली येतो.

आकड्यांची लोकांना फार धास्ती, पण नवख्याला लागणारे आकडे मोजकेच आहेत. 'व्हिडिओ'मध्ये बेस रेझोल्यूशन १९२०×१०८०, आउटपुट १२८०×७२०, फ्रेम ३०. बिटरेट ३००० किलोबिट. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एन्कोडर एनव्हेंक, इंटेलचं ग्राफिक्स असेल तर क्विकसिंक. काहीच नसेल तर एक्स२६४ आणि त्याचा 'व्हेरीफास्ट' प्रीसेट. झालं.

"१०८० का नको?" हा पुढचा प्रश्न येतोच. १०८० मध्ये ७२०च्या सव्वादोन पट ठिपके असतात. बिटरेट तेवढाच ठेवलात तर तेच ३००० किलोबिट सव्वादोन पट ठिपक्यांत वाटले जातात, आणि हात हलवला की चित्राचे चौकोन पडतात. त्यापेक्षा ७२० स्वच्छ दिसतं. बिटरेट वाढवायचा तर अपलोड हवं. नेटचं पॅकेज ज्या मोठ्या आकड्याने विकलं जातं तो बऱ्याचदा डाउनलोडचा असतो. अपलोड वेगळं मोजावं लागतं, आणि ज्या वेळी लाइव्ह जाणार त्याच वेळी मोजलेलं बरं. मोजलेल्या अपलोडच्या निम्म्याच्या वर बिटरेट मी नेत नाही. ट्विचवर (गेमवाल्यांची लाइव्ह साइट) तर ६००० किलोबिट ही नेहमीची वरची मर्यादा आहेच. डेटा मोजून वापरत असाल तर ३००० किलोबिटला तासाला सुमारे १.३५ जीबी धरा. आणि शक्य असेल तर वाय-फाय सोडून केबल लावा. स्क्रीनवर गणितं किंवा कोड दाखवणाऱ्यांनी अक्षरं मात्र वाढवावीत, कारण ७२० मध्ये बारीक अक्षर वाचवत नाही.

इतकं सगळं रेकॉर्डिंगमध्ये तपासून होतं. राहतं ते फक्त नेट. 'डॉक्स' मेन्यूत 'स्टॅट्स' म्हणून एक चौकट आहे, ती उघडी ठेवा. चित्र अडखळण्याची तीन कारणं तिथे वेगवेगळी मोजलेली दिसतात. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर ग्राफिक्स चिपवर ताण आहे. गेमची ग्राफिक्स उतरवा. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडरला काम झेपत नाहीये. रेझोल्यूशन किंवा फ्रेम कमी करा. ही दोन दुखणी साध्या रेकॉर्डिंगमध्येही दिसतात. तिसरी ओळ ड्रॉप्ड फ्रेम्सची. ती नेटची, आणि रेकॉर्डिंगमध्ये कायम शून्य. "लाइव्ह अडकतंय, नवीन लॅपटॉप घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी आधी या तीन ओळींचा फोटो मागतो. तिसरी ओळ वाढत असेल तर लॅपटॉप बदलून काडीचाही उपयोग नाही; बिटरेट उतरवा किंवा नेट बदला.

तेव्हा लाइव्हचं बटण पहिल्यांदा दाबाल ते यूट्यूबवर 'प्रायव्हेट' ठेवून. ओबीएसमध्ये यूट्यूबचं खातं जोडता येतं. नाहीतर यूट्यूबने दिलेली स्ट्रीम की चिकटवायची. ही की पासवर्डसारखीच जपा. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवर हवं ते लाइव्ह दाखवू शकतो. कुणाला दिसली असं वाटलं तरी लगेच रीसेट करून टाका. मग अर्धा तास बडबड करा, फोनवर मोबाइल डेटा लावून त्याच खात्यातून बघा, ड्रॉप्ड फ्रेम्सवर डोळा ठेवा. संगणकावर लाइव्हचं पान उघडलंत तर ते म्यूट करा, नाहीतर तुमचाच आवाज काही सेकंदांनी परत माइकमध्ये शिरतो आणि दोघं तुम्हीच एकमेकांवर बोलायला लागता.

खऱ्या कार्यक्रमाच्या आधी यूट्यूबवरचा 'ऑटो-स्टॉप' बंद करून ठेवा. तो चालू असला आणि मध्येच नेट गेलं, तर यूट्यूबला कार्यक्रम संपला असं वाटू शकतं, आणि परत आल्यावर नवीन लिंक सगळ्यांना पाठवत बसावं लागतं. बंद असेल तर त्याच लिंकवर पुन्हा जोडता येतं. फक्त मग शेवट आपल्या हातांनी करायचा: निरोप घेतल्यावर वीसेक सेकंद थांबायचं, कारण प्रेक्षक तेवढे मागे असू शकतात, मग यूट्यूबवर 'एंड स्ट्रीम' आणि ओबीएसमध्ये 'स्टॉप स्ट्रीमिंग'. हे दुसरं बरेच जण विसरतात, आणि कार्यक्रम संपला तरी ओबीएस आपलं पाठवतच बसतं.