कडा कोऱ्या, मधला भाग सपाट

गेले दोन महिने जवळजवळ प्रत्येक वळणावर नवऱ्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटत होतं. टक्. मी चालवते, तो मागे बसतो. आमचं हे पहिल्यापासून असंच आहे, कारण त्याला चालवण्यात रस नाही आणि मला मागे बसवत नाही. टक् झालं की मी इंटरकॉमवर म्हणायचे, "नीट धरून बस ना." तो ऐकून घ्यायचा. शेवटी एकदा गाडीवरून उतरल्यावर म्हणाला, "अगं, मी धरूनच बसतो. तूच वळणात शिरताना पायरी चुकल्यासारखी पडतेस."

वर्णन इतकं नेमकं होतं की रागावताही येईना. मलाही ते जाणवत होतं. हँडलला जरा रेटा द्यावा, तर गाडी आधी नको म्हणायची आणि मग एकदम कलंडायची. मी दोष दिला तो सस्पेन्शनला. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. मग हँडलच्या बेअरिंगवर संशय आला. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी चेनला तेल द्यायला गाडी स्टँडवर चढवली होती, तेव्हा सहज म्हणून मागच्या टायरवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली. टायर गोल असेल तर पट्टी झोपाळ्यासारखी डुलायला हवी. माझी पट्टी टेबलावर ठेवल्यासारखी गप्प बसली. चार बोटं रुंदीचा सपाट पट्टा!

सगळा उलगडा त्या पट्टीनेच केला. सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर धावलं की मागच्या टायरचा मधला भाग झिजून सपाट होतो आणि त्या सपाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक धार तयार होते. गाडी कलवताना टायरला आधी त्या धारेवर चढावं लागतं, म्हणून हँडल जड वाटतं. धार ओलांडली की पुढचा उतार तीव्र, म्हणून गाडी पडल्यासारखी आत जाते. सस्पेन्शन बिचारं निर्दोष होतं.

पुढच्या टायरचं दुखणं वेगळं. त्याच्या नक्षीवरून एका दिशेने तळवा फिरवला तर गुळगुळीत लागायचा, उलट दिशेने फिरवला तर करवतीसारखा अडकायचा. प्रत्येक खाचेची एक कड झिजलेली, दुसरी उभी. पुढच्या चाकावर ब्रेकचा भार सतत एकाच दिशेने पडतो, त्यामुळे असं होतं, आणि हवा कमी ठेवली तर लवकर होतं. नक्षीची खोली अजून बरीच शिल्लक होती. एकटा मागचाच बदलावा असा मोह झाला, पण नव्या गोल टायरच्या जोडीला करवत ठेवण्यात अर्थ नव्हता.

आता गंमत कडांची. मागच्या टायरचा मधला भाग झिजेच्या खुणेला टेकला होता आणि कडेला, दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा अगदी कोरा. शेवटच्या काठावर तर साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. यालाच रायडर लोक चिकन स्ट्रिप्स, म्हणजे झुकायला घाबरणाऱ्याचे पट्टे, म्हणून हसतात. माझी आजवरची प्रत्येक टायरजोडी कडा कोऱ्या ठेवूनच संपली आहे. गाडी कावासाकीची निंजा १०००एसएक्स. कंपनीकडून तिच्यावर ब्रिजस्टोनचे एस२२ आले होते, म्हणजे स्पोर्ट टायर, पकड जास्त आणि आयुष्य कमी. मागचा ७,००० किलोमीटरच्या आत संपला. त्याच्या कडांना जी जबरदस्त पकड होती, तिचे पैसे मी भरले आणि ती तशीच भंगारात दिली. दुसरी जोडी ब्रिजस्टोनचीच टी३२, स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी जास्त टिकणारी. तो मागचा ११,४०० गेला. माझ्या वहीत तारखेसकट लिहिलंय.

म्हणून या वेळी मी टायरांच्या चाचण्या वाचण्याआधी जुना टायर वाचला. त्यातून कळलं ते असं: मी बहुतेक सरळ चालवते, दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन, मी फार झुकत नाही, आणि पावसातही गाडी बाहेर काढते. पावसात तर मी आणखीच सरळ चालवते. म्हणजे मला पकड हवी ती मधल्या भागात, ओल्या रस्त्यावर, ब्रेक मारताना. माझ्याबरोबर चालवणारा एक मित्र म्हणाला, "एखादं वळण अचानक आवळत गेलं तर कडच वाचवते." बरोबर आहे त्याचं. पण आजच्या कुठल्याही नावाजलेल्या स्पोर्ट टूरिंग टायरची कड माझ्या धाडसापेक्षा कितीतरी पुढे आहे. तिथे आणखी काही विकत घ्यायची गरज नव्हती.

बहुतेक स्पोर्ट टूरिंग टायरांत, मागच्यात तर हमखास, मधे टिकाऊ रबर आणि बाजूंना मऊ रबर असतं. कॉन्टिनेंटलचा रोडअटॅक ४ वेगळ्या वाटेने जातो. रबर एकच, पण उष्णतेने पक्कं करताना मधला भाग जास्त आणि कडा कमी शिजवतात, म्हणजे कडकपणा हळूहळू उतरत जातो आणि दोन रबरांमध्ये सांधा राहत नाही. पायरीला कंटाळलेल्या बाईला हे पटकन पटण्यासारखं होतं. पिरेलीच्या एंजल जीटी २ च्या मधोमध दोन समांतर उभ्या खाचा आहेत, पाणी काढायला. टी३२ च्या खाचा जागोजागी फुगतात आणि आवळतात, म्हणजे पाणी वेगाने बाहेर पडावं. तो मला आवडलेलाही होता. शेवटी अडकले मिशेलिनपाशी. त्यांच्या २०१८ च्या रोड ५ मध्ये नक्षीतल्या बारीक चिरा आत रुंद होत जातात. टायर झिजतो तशी ती रुंद बाजू वर येते, म्हणून अर्धं आयुष्य संपल्यावरही पाण्याला वाट राहते. असले साचे बनवायला त्यांना धातूचं थ्रीडी प्रिंटिंग वापरावं लागलं. २०२२ चा रोड ६ हा त्याचाच धाकटा भाऊ, चिरांनी भरलेला. मी तो घेतला. माझ्याजागी कोरड्या हवेत एकटं चालवणारं कुणी असतं तर मी रोडअटॅक सुचवला असता.

मापावरून मात्र बराच काथ्याकूट झाला. माझ्या गाडीचं मागचं माप १९०/५० झेडआर १७, म्हणजे रुंदी १९० मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५० टक्के, चाक १७ इंची. याच गाडीचे कितीतरी मालक १९०/५५ बसवतात आणि गाडी वळायला चपळ होते म्हणून सांगतात. खरं आहे ते. १९० चे ५० टक्के म्हणजे टायरची उंची ९५ मिलिमीटर, ५५ टक्के म्हणजे एकशे साडेचार. मागचा भाग साडेनऊ मिलिमीटर उचलला जातो, पुढचं चाक धरणारा काटा जरा उभा होतो, आणि टायरचा आकारही अधिक टोकदार येतो. पण चाकाचा घेर तीन टक्के वाढतो, आणि मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या-मागच्या चाकांचा वेग ताडूनच चालतं. शिवाय सिग्नलला माझी फक्त बोटं टेकतात, तीही बूट चांगले असले तर. मागे नवरा, बाजूला बॅगा आणि वर आणखी पाऊण-एक सेंटिमीटर? चपळाई राहू दे.

जीटी प्रकार घ्यावा का, हा दुसरा प्रश्न. जड टूरिंग गाड्यांसाठी काही कंपन्या तोच टायर आतून अधिक भक्कम सांगाड्याचा बनवतात. दोघं बसतो म्हणजे जीटीच हवा, असं मी धरून चालले होते. मग टायरच्या बाजूवरचे, किती भार पेलतो ते सांगणारे आकडे वाचले. पुढच्या टायरवर ५८, म्हणजे २३६ किलो. मागच्यावर ७३, म्हणजे ३६५ किलो. एकूण ६०१. गाडी पेट्रोलसकट २३५ च्या आसपास, आम्ही दोघं आणि सामान मिळून १७०. हिशेब ४०५ वर संपला. मागच्या चाकावर जास्त भार येतो हे धरूनही भरपूर जागा उरते. एकटी निघाले की तो भक्कम सांगाडा मला उगाच कडक लागला असता. साधाच घेतला. हवा मात्र गाडीवर लिहिलेली, पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय, गार टायरमध्येच मोजून. मागची हवा उतरवली की पकड वाढते, असं सांगणारा एक तरी भेटतोच. ते ट्रॅकवरचं शहाणपण आहे, बॅगा लादलेल्या गाडीला लावू नये.

घेताना तारीख बघायची असते. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन तो बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पहिल्यांदा समोर आलेल्या जोडीतला पुढचा टायर ताजा होता आणि मागचा चार वर्षांपूर्वीचा. मी परत पाठवला. टायर नीट साठवला तर लगेच खराब होत नाही, पण माझी जोडी तीन-चार वर्षं चालते. चार अधिक चार ही बेरीज मला नको होती.

टायर बसवताना मी स्वतःचं हसं करून घेतलं, तेही लिहूनच टाकते. पुढचं चाक तयार झालं आणि मी ओरडले, "उलटा बसवलाय!" मागच्या टायरच्या खाचा एका बाजूला, पुढच्याच्या बरोबर विरुद्ध. बसवणारा काही बोलला नाही. त्याने टायरच्या बाजूवरच्या बाणावर बोट ठेवलं आणि चाक फिरवून दाखवलं. बाण पुढेच होता. मागचं चाक मुख्यतः गाडी ढकलतं, पुढचं मुख्यतः ब्रेक झेलतं. रबरावरचे जोर उलटे, म्हणून पुष्कळ टायरांची पुढची नक्षी मागच्यापेक्षा उलटी दिसते. दोन महिने टायर अभ्यासणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं. मी गुपचूप ब्रेकचा लिव्हर दाबत बसले. ते कामही गरजेचंच होतं म्हणा. चाक काढताना ब्रेक पॅड मागे सरकतात आणि पहिल्या दाबाला लिव्हर थेट हँडलला टेकतो. रस्त्यावर हा शोध लागू नये.

पहिले दीडशे किलोमीटर मी एकटीच गेले. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो खरबरीत होईपर्यंत जोरात ब्रेक नाही आणि झुकणं हळूहळू वाढवत न्यायचं. पहिल्याच वळणात मी सवयीने रेटा दिला आणि गाडी मला हवी त्यापेक्षा आत गेली. तिला आता फक्त इशारा पुरत होता, मी मात्र अजून धक्के देत होते. दोन महिन्यांत माझेच हात बिघडले होते. ते सुधारायला त्या दीडशेतले निम्मे किलोमीटर लागले.

काल नवरा मागे बसला. एक वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. मागून काहीच नाही. मलाच राहवेना. इंटरकॉमवर विचारलं, "बसलायस ना?"

"बसलोय," तो म्हणाला. "पुढचा टायर ते 'गुं गुं' करायचा, ते बंद झालं वाटतं. बरेच महिने म्हणत होतो, विचारावं तुला."