पलंगाखालचा सांधा

आज पलंग सरकवला आणि गेले काही दिवस खोलीत घुटमळणाऱ्या वासाचा उगम अखेर सापडला. भिंतीलगत आमच्या म्हाताऱ्या मांजरीची ओकारी खपलीसारखी वाळून फरशीला चिकटली होती आणि तिच्या शेजारी शूचा पिवळट ओघळ दोन टाइलांमधल्या सांध्यात मुरला होता.

मागे एकदा असाच डाग मी घाईघाईने सुरीने खरवडला होता. टाइलच्या चकाकीवर तेव्हा उमटलेला ओरखडा अजून जागेवर आहे. म्हणून या वेळी हातमोजे घातले, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुने फडके भिजवले, ते डागावर पसरले आणि वीस मिनिटे तिकडे फिरकले नाही. (मध्ये दोनदा डोकावले, हे रोजनिशीत तरी कबूल करावे.) मऊ झालेली खपली प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने अलगद उचलली गेली आणि टाइल दोन पुसण्यांत स्वच्छ झाली.

सांध्याचे काम मात्र इतके सोपे नव्हते. टाइलचा गुळगुळीत थर काही शोषून घेत नाही, पण सांध्यातले सिमेंट सच्छिद्र असते. पाणी उडून जाते, मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक आत राहतात आणि ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने कितीही पुसले तरी दमट हवेत वास पुन्हा डोके वर काढतो. ब्लीचच्या बाटलीकडे गेलेला हात मी वेळीच आवरला, कारण मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. फिनेल तर मांजरांनाच बाधते. व्हिनेगर पुष्कळजण सुचवतात, परंतु आम्लाने सिमेंट झिजते आणि संगमरवरी फरशीवर कायमचे पांढुरके चट्टे पडतात, त्यामुळे तोही नाद सोडला.

शेवटी एन्झाइमयुक्त द्रावण (मूत्रातले वास धरणारे घटक मोडून टाकणारे) आणले, सांधा त्यात चिंब भिजवला आणि तो लवकर सुकू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद अंथरला. एन्झाइमला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात. पाच मिनिटांत पुसून टाकले तर पैसे वाया जातात.

घासता घासता लक्षात आले की आपला मातीचा डबा सोडून तिने असे कोपऱ्यात जाणे हे पूर्वीचे नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असले की मांजरे असे करतात, आणि मी मात्र आठवडाभर केवळ वासावर चिडत होते. उद्या तिला पशुवैद्यांकडे न्यायचे आहे. तोवर पलंग भिंतीपासून दूरच राहू दे. आता ती प्लॅस्टिकच्या कागदाजवळ बसून त्याचा कोपरा पंजाने उचकटते आहे.